माळवदावरची शीळ

कोणी ‘आपलं’ म्हणालं की मी अजूनही सावध होते. आपली माणसं, आपलं घर, आपल्यात कसला आलाय परकेपणा. हा शब्द ज्याच्या तोंडी फार असतो त्याच्या स्वतःच्या ट्रंकेला मात्र कुलूप असतं, असा माझा अनुभव आहे. लोक मला तुसडी म्हणतात. म्हणोत. हा तुसडेपणा मी जन्माला येताना आणलेला नाही, सोलापुरात कमावलेला आहे, आणि कसा कमावला तेच सांगायला बसले आहे.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या पुढच्या वर्षी मी सोलापुरातल्या एका अध्यापिका विद्यालयात दाखल झाले. आमचं खेडं बार्शीच्या अलीकडचं. रोज जाऊन-येऊन जमण्यासारखं नव्हतं, म्हणून वसतिगृहात राहिले. सात नंबरची खोली, तीन खाटा, आम्ही तिघी. एक नातेपुत्याची. तिचं अक्षर इतकं सुरेख की ऑफिसातले कारकूनसुद्धा पाकिटांवरचे पत्ते तिच्याकडून घालून घेत. दुसरी वळसंगची. तिच्या घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि दोन्हीकडं बोलण्याची सारखीच घाई. तिसरी मी.

आमच्या रेक्टरबाई मुलींना नावानं हाक मारत नसत, खोलीच्या नंबरानं मारत. “सात, पाणी भरलं का?” “सात, प्रार्थनेला उशीर का झाला?” एकीनं चूक केली की तिघींना शिक्षा, आणि एकीचं कौतुक झालं तर तेही तिघींचं. सुरुवातीला मला याचा संताप यायचा. मग सवय झाली. आणि खोटं कशाला बोलू, मग आवडायला लागलं. तिघींत एकच कंगवा, खोबरेल तेलाची एकच बाटली, शेंगाचटणीचा एकच डबा. पातळं सगळी एका दोरीवर, सकाळी जिच्या हाताला जे लागेल ते तिचं. घरून पत्र आलं की ते मोठ्यानं वाचायचं, हा खोलीचा नियम. नातेपुत्याचीच्या भावाचं लग्न कशावरून मोडलं, हे तिच्या थोरल्या वहिनीला कळायच्या आधी मला ठाऊक होतं.

वर्ग चालू असताना सर विचारत, “काय ग, धडा कोणी वाचला नाही?” आम्ही तिघी एकदम उभ्या राहायचो. तिघींतल्या नेमक्या कोणी वाचला नव्हता हे आम्हालाही सांगता आलं नसतं.

आता माझ्या आईविषयी सांगायला हवं. आई मी सहा वर्षांची असताना विषमज्वरानं गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. तिचं जे काही शिल्लक होतं ते घरच्यांच्या तोंडी होतं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच होतं. दर वर्षी अविधवा नवमीला सवाष्ण जेवायला बसली की आत्या सुरू करायची, “लई गरीब गाय हुती. वर मान करून बोलली न्हाय कदी.” त्यावर काकू म्हणायची, “भांड्याचा आवाज म्हणून यिऊ दिला न्हाय.” मग वडील मान हलवायचे आणि पानावरचं मीठ पुढं-मागं करायचे. वर्षानुवर्षं शब्दसुद्धा बदलले नाहीत. लहान असताना मीही मध्येच सूर मिळवायची, “आवाज म्हणून यिऊ दिला न्हाय,” आणि सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. जिचा आवाजच कधी आला नाही अशी बाई लेकराला आठवणार तरी कशी, हे त्यांतल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही.

पण मला एक आठवत होतं. ते आत्याचं नव्हतं, काकूचं नव्हतं, वडिलांचं नव्हतं.

उन्हाळ्यातली दुपार. आमच्या घराच्या माळवदावर, म्हणजे त्या मातीच्या सपाट छपरावर, जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातलेल्या. आई राखणीला बसलेली आणि मी तिच्या पदराच्या सावलीत. खाली सगळे झोपलेले. आईनं आधी जिन्याकडं पाहिलं, मग शेजारच्या माळवदाकडं. मग तिनं ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. चोरटी, फुसकी नव्हे. चांगली लांब, वर जाऊन वळण घेऊन खाली येणारी. माहेरी शेळ्या राखताना शिकली असेल, हा माझा मागाहूनचा तर्क. कुरडयांवरच्या चिमण्या भर्रकन उडाल्या. मी आ वासून बघत राहिले. तिनं माझ्याकडं पाहून एक डोळा मिटला आणि कोणाला सांगू नको, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली. एवढंच. पुढं काय झालं, आम्ही खाली कधी आलो, काही आठवत नाही.

भांड्याचा आवाज येऊ न देणारी बाई शीळ घालत होती आणि मला डोळा मारत होती. माझी आई म्हणजे एवढीच, बाकीची सगळी घरच्यांची. आणि चौदा वर्षं मी ती कोणाला सांगितली नव्हती. तिनं बजावलं होतं म्हणून नव्हे फक्त. सांगितली असती तर नवमीच्या पंगतीत आत्यानं तिचं काय केलं असतं, हे मला दिसत होतं.

विद्यालयाच्या दुसऱ्या वर्षी हस्तलिखित अंकासाठी खोल्या-खोल्यांत गोष्टींची स्पर्धा लागली, विषय ‘उद्याचं विज्ञान’. माणूस चंद्रावर जाऊन आलेला होता, त्यामुळं झाडून सगळ्या खोल्या रॉकेटं उडवायला लागल्या. आमच्या डोक्यात मात्र वर्गातला मधमाश्यांचा धडा बसला होता. विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं की एकटी माशी म्हणजे काहीच नाही, सगळं मोहोळ मिळून एक जीव समजा. त्यावरून आम्ही गोष्ट रचली. मंगळावर माणसांची वस्ती. प्रत्येकाच्या कानामागं एक बारीक तार. दिवसभरात जे पाहिलं, ऐकलं, आठवलं ते संध्याकाळी त्या तारेतून एका मोठ्या मोहोळात ओतायचं, गावात डेअरीवर दूध ओततात तसं. एकदा ओतलं की कोणाचं कुठलं ते वेगळं काढता येत नाही. मग एकाला जे आठवतं ते सगळ्यांना आठवतं. त्या वस्तीत ‘मी’ हा शब्दच नाही. आणि तिथं एक मुलगी आहे, जिनं एक आठवण ओतलेली नाही. मोहोळ ती मागतंय, ती देत नाही.

गोष्टीचं नाव ठेवलं ‘मोहोळ’. रेक्टरबाईंनी नाव वाचून विचारलं, “मोहोळ तालुक्यातलं कोण आहे ग तुमच्यात?”

गोष्ट मोहोळाची, तर ती लिहायची रीतही मोहोळाचीच असावी, ही अक्कल माझी. कोणी काय सुचवलं ते पुन्हा कधी काढायचं नाही. माझं वाक्य, तुझं वाक्य म्हणायचं नाही. तिघींनी बोलायचं, नातेपुत्याचीनं सुरेख अक्षरात उतरवायचं, आणि कच्चे कागद दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापवायच्या बंबात घालायचे. खाली सही एकच, ‘खोली नंबर सात’. हे सुचलं तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले होते की विचारू नका. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताना माणूस इतका आनंदात असतो हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

एका रविवारी दुपारी गोष्टीची गाडी अडली. त्या मुलीनं दडवलेली आठवण कोणती? काहीतरी खरंच असायला हवं होतं, बनवलेलं कळतं. मग ठरलं की प्रत्येकीनं आपल्या घरातलं, कोणाला न सांगितलेलं असं एक सांगायचं. माझी पाळी शेवटी आली, आणि मी शीळ सांगितली.

का सांगितली याचं एक उत्तर आहे की त्या दोघींवर माझा जीव होता. दुसरं उत्तर असं की आपलीच आठवण सगळ्यांत सरस ठरावी असं मला वाटत होतं. दोन्ही खरी आहेत, पण आता इतक्या वर्षांनी दुसरं जास्त खरं वाटतं.

नातेपुत्याचीनं हातातलं पेन खाली ठेवलं. वळसंगची खाटेवर पालथी पडून ऐकत होती, तिनं उशीच्या अभ्र्याला डोळे पुसले. मग उठून बसली आणि म्हणाली, “ए, त्या मोहोळाला एकच भाषा येत आसंल न्हवं? मग आईनं येगळ्याच भाषेत सांगावं की. म्हंजी मोहोळानं ते ओढून घेतलं तरी त्याला कळणार न्हाय.”

“येगळ्या म्हणजे कुठल्या?” मी विचारलं.

“आमच्या. यारिगू हेळब्याड.” कोणाला सांगू नको.

मी उठून तिला मिठी मारली. आजही सांगते, त्या गोष्टीत तेवढी एकच जागा कोणा मोठ्या लेखकाला शोभेल अशी होती, आणि ती तिची होती. नातेपुत्याचीनं गोष्टीतल्या आईच्या हातात हिरवा चुडा घातला. मी म्हटलं, घाल. गोष्टीच्या शेवटी मोहोळ त्या मुलीची आठवण ओढून घेतं. वस्तीतल्या हजारो लोकांना माळवद आठवायला लागतं, शीळ आठवायला लागते, पण त्या एका वाक्याचा अर्थ कोणालाच लागत नाही. ते सगळ्यांच्या घशात अडकून राहतं.

पहिला नंबर आला. संमेलनात प्राचार्यांनी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली, आणि लेखिका म्हणून “खोली नंबर सात” म्हणताच सगळा हॉल हसला. पुढं महिनाभर नळावर, जेवणघरात, मुली एकमेकींना म्हणायच्या, “यारिगू हेळब्याड!” चटणी जास्त घेतली तरी यारिगू हेळब्याड, पेपरात नापास झाली तरी यारिगू हेळब्याड. मीही हसायची. आई मला जे जपायला सांगून गेली होती त्यावर मी चारचौघींत दात काढत होते. तेव्हा थोडं कुठंतरी टोचलं असेल, पण सात नंबरला वाईट वाटलं नव्हतं, मग मला एकटीला वाटून काय उपयोग होता?

शिक्षण संपलं. नातेपुत्याचीचं लग्न झालं आणि ती सासरची झाली, वर्षाला एक पत्र, तेही नवऱ्याच्या अक्षरात. मला सोलापुरातच शाळा मिळाली. भवानी पेठेत एक खोली घेतली, स्वतःचा कंगवा घेतला. वळसंगची तिच्या गावाजवळच्या एका खेड्यात शिकवायला लागली. सुट्टीत भेटायचो. वर्गात ‘न्हाय’ म्हटल्याबद्दल सरांनी आम्हाला दोन वर्षं झापलं होतं. मी सुधारले, ती सुधारली नाही. भेटली की माझं शुद्ध बोलणं ऐकून म्हणायची, “काय गं, रेडिओवर लागलीस व्हय?”

चारेक वर्षांनी तिची आई गेली. कळलं तेव्हा आठ दिवस होऊन गेले होते. रविवारी एसटीनं वळसंगला गेले.

घरात पंधरा-वीस बायका बसलेल्या. तिच्या दोन बहिणी, चुलत्या, शेजारणी. सगळं बोलणं कन्नडमधून. मला जागा करून दिली, पाणी दिलं. मी भिंतीला टेकून बसले आणि न कळणारी भाषा ऐकताना माणूस करतो तसं चेहऱ्यावर दुःख धरून ठेवलं. वर पत्रे होते. ऊन तापलं की ते तडतडायचे.

थोड्या वेळानं माझी मैत्रीण बोलायला लागली. रडत, थांबत, पुन्हा बोलत. मला एक शब्द कळत नव्हता. मग तिनं हात वर केला, छपराकडं, आणि मान इकडं-तिकडं वळवून कोणी बघत नाही ना असं केलं. मग ओठांचा चंबू केला. शीळ आली नाही, नुसती हवा आली. मग तिनं एक डोळा मिटला, आणि त्या सगळ्या कन्नडमधलं मला येणारं एकमेव वाक्य म्हणाली.

“यारिगू हेळब्याड.”

बायका ढसाढसा रडायला लागल्या. मी मात्र भिंतीची पाठ सोडून ताठ बसले. मैत्रिणीनं माझ्याकडं वळून, पाहुणीला कळावं म्हणून, मराठीत पुन्हा सगळं सांगितलं. “अव्वा माळवदावर बसली हुती कुरड्या राखत. मी बारकी. कुणी बगत न्हाय बगून शीळ घातली की गं तिनं. आन् मला म्हनली कुणाला सांगू नगं. कुणाला म्हणून सांगितलं न्हाय मी आजवर.”

हे ती माझ्या तोंडावर सांगत होती. तिच्या डोळ्यांत खोटं शोधायला गेले, तर नव्हतं. खोटं बोलणाऱ्या माणसाची नजर मला कळते, चाळीस पोरं रोज माझ्याशी खोटं बोलायची. ती आईसाठी रडत होती, आणि तिला तिची आई माझ्या माळवदावर दिसत होती.

त्याहून वाईट पुढंच आहे. तिची थोरली बहीण नाक पुसत, माझ्यासाठी मराठीतच म्हणाली, “व्हय. मला बी आठवतंय. दुपारचं घालायची.” एक चुलती म्हणाली, “लगीन होऊन आली तवापासनं घालायची की.” दुसऱ्या कोणीतरी ती शीळ गल्लीपर्यंत ऐकू यायची असं सांगितलं. दहा मिनिटांत माझ्या आईची शीळ त्या घरातल्या पाच बायकांनी ऐकलेली होती. वर पत्रे तडतडत होते आणि खाली सगळ्या माळवदाविषयी बोलत होत्या, आणि एकीनंही वर मान करून पाहिलं नाही.

मी काय करायला हवं होतं? ऐन दुखवट्यात, मेलेल्या बाईच्या घरात बसून, ही तुमची नव्हे, ही माझी, असं म्हणायचं? मी चहा पिऊन निघाले. मैत्रीण फाट्यापर्यंत पोचवायला आली, माझा हात धरून. मी हात सोडवून घेतला, तिला वाटलं मला घाम आलाय.

एसटीत बसल्यावर मी डोळे मिटले आणि माळवदावर गेले. रागानं गेले, आपलं घर कोणी बळकावलं का बघायला जावं तशी. कुरडया होत्या. लुगडं होतं. आईनं जिन्याकडं पाहिलं, शीळ घातली, चिमण्या उडाल्या. तिच्या हातात हिरवा चुडा होता. तो नातेपुत्याचीचा, म्हणून मी तो काढला. मग आईनं एक डोळा मिटला आणि म्हणाली, यारिगू हेळब्याड.

माझ्या आईनं उभ्या जन्मात कन्नड ऐकलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जिना, शेजारचं माळवद, शीळ, डोळा, यारिगू हेळब्याड. सोलापूर येईपर्यंत मी तिला त्या माळवदावर किती वेळा बसवली देव जाणे. दर वेळी तिनं मैत्रिणीच्या आवाजात, मैत्रिणीच्या भाषेत, तेच म्हटलं. तिचे स्वतःचे शब्द गेले होते. कधी गेले, हस्तलिखितात उतरले त्या दिवशी की नंतर हळूहळू, तेही मला कळलं नव्हतं. घशात अडकून राहील अशी योजना केलेलं वाक्य अडकलं होतं, ते माझ्याच घशात.

दिवाळीला गावी गेले तेव्हा वडिलांना विचारलं, “आई शीळ घालायची का हो?” त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. “शीळ? आपल्या घरातली बाई? शिकून ह्येच शिकलीस काय?” मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलावं तसं, “लई गरीब हुती. भांड्याचा आवाज म्हणून यिऊ दिला न्हाय.” पुढचं मला पाठ होतं.

तिथून परत आल्यावर मी विद्यालयात गेले. हस्तलिखितं कपाटात होती, कारकुनानं काढून दिली. नातेपुत्याचीचं मोत्यासारखं अक्षर, एक काना इकडचा तिकडं नाही. सबंध गोष्टीत ‘मी’ नाही, नावं नाहीत, शेवटी खोली नंबर सात. कच्चे कागद आम्ही बंबात घालून त्या पाण्यानं आंघोळी केल्या होत्या. पुरावा नष्ट करण्यात चोरही इतकी दक्षता घेत नसतील.

मार्चमध्ये वळसंगची शिक्षण खात्याच्या कुठल्याशा कामाला सोलापुरात आली आणि काम उरकून माझ्या खोलीवर आली. तोवर माझ्या डोक्यात चार महिने हेच शिजत होतं. तिला चहा दिला, तिनं पिशवीतून माझ्यासाठी आणलेली शेंगाची पोळी काढली. आणि मी सुरुवात केली.

“माळवदावर शीळ घालायची ती माझी आई होती. तुझी नव्हे.”

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. मग माझा चेहरा पाहून तिनं कप खाली ठेवला. “आसं काय बोलतीस? अव्वा हुती ती.”

“सात नंबरमध्ये मी सांगितली होती. हस्तलिखितासाठी. तू नुसतं ते वाक्य घातलंस.”

“वाक्य अव्वाचंच हाय. आमच्या घरात कन्नड बोलत्यात, तुमच्यात कुटं?”

तिनं हे भोळेपणानं विचारलं होतं. मला ते उलटतपासणीसारखं लागलं आणि मग मी दयामाया ठेवली नाही. म्हटलं, “तुमच्या घरावर तर पत्रे आहेत. तुझी आई कुरडया राखायला बसली होती कुठं, पत्र्यावर?”

तिचे डोळे छताकडं गेले, माझ्या छताकडं, पण ती स्वतःचं घर बघत होती हे मला दिसलं. “पत्रंच हायती,” शेवटी म्हणाली. “आज्ज्याच्या येळंपासनं पत्रंच हायती.” तिचा चेहरा असा झाला की मी कोणाच्याही चेहऱ्याचं असं केलेलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. पण तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मग तिनं डोळे पुसले आणि अगदी समजूतदारपणे विचारलं, “मग तुझी आई मराठीत काय म्हनली हुती? ते सांग. म्हंजी मी तेच ध्यानात ठिवते, माझं खोडून टाकते.”

मी तोंड उघडलं. आत यारिगू हेळब्याडशिवाय काही नव्हतं. ती वाट बघत होती. मग मी म्हणाले, “कोणाला सांगायचं नाही हं, बाळ.”

ते मी त्या क्षणी बनवलं. माझ्या आईनं मला बाळ म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि आमच्या घरात कोणी ‘कोणाला’ म्हणत नव्हतं. वळसंगचीनं ते वाक्य एकदा मनात म्हणून पाहिलं. “तुझी आई लई शुद्ध बोलायची की,” ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिनं विश्वास ठेवला होता. “तुझीच हाय मग. घे बाई.”

पोळी तशीच राहिली. तिची गाडी पाचची होती. मी स्टँडवर सोडायला गेले, न जाणं बरं दिसलं नसतं म्हणून. वाटेत आम्ही शाळेविषयी, बदल्यांविषयी बोललो. गाडी लागली, माणसं चढायला लागली, आणि पायरीवर एक पाय ठेवून ती वळली.

“त्या दिवशी खोलीत मी बी कायतरी सांगितलं आसंल न्हवं? तुझ्या आदी?” तिनं विचारलं. “अव्वाचंच आसंल. मी घरी जाऊन सगळं आठवून बगंन, पर मला आता तिचं दुसरं काय बी दिसंना झालंय. आमी आठ भावंडं, ती कदी एकटी घावली म्हणून न्हाय. तुला आठवतंय का गं, काय सांगितलं हुतं मी?”

मला खोली आठवत होती. ती खाटेवर पालथी पडलेली, पाय मागं वर करून हलवत, बोलत होती. माझ्या आधी तीच बोलली होती, आणि बराच वेळ बोलली होती. मी तिच्याकडं बघत होते आणि मनातल्या मनात माझी शीळ कुठून सुरू करायची, डोळा मारलेला शेवटी ठेवायचा की आधी सांगायचा, हे जुळवत होते. तिचा एक शब्द माझ्या कानात शिरलेला नव्हता. तासाभरापूर्वी मी स्वतःसाठी एक वाक्य बनवलं होतं, तसं तिच्यासाठीही एखादं बनवता आलं असतं. तेवढी माया माझ्यात उरली नव्हती.

“नाही आठवत,” मी म्हणाले.

“आसू दे,” ती म्हणाली, आणि गाडीत चढली.